यादीत न दिसणारी प्रोसेस: दृश्यता मर्यादित केलेल्या सर्व्हरवर पीएस, टॉप आणि पीग्रेप कसे वापरावे

मे महिन्यातल्या एका सकाळी, सात वाजण्याच्या आत, पावसजवळच्या एका आंबा बागायतदारांचा मला फोन आला. "सर, गिऱ्हाइकांचे फोनवर फोन येतायत. 'तुमची पेटी निघाली' हा निरोप एकेकाला तीस-चाळीस वेळा गेलाय. जरा बघता का काय झालंय ते?" त्यांच्या पेट्यांच्या नोंदणीचा आणि निरोप पाठवण्याचा प्रोग्राम मी लिहून दिलेला होता आणि तो भाड्याने घेतलेल्या एका सर्व्हरवर चालत होता. त्या सर्व्हरची देखभाल भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे होती. आमच्याकडे दोन खाती होती. निरोप पाठवणारा प्रोग्राम 'पेटी' नावाच्या खात्यातून चाले आणि तो चालू आहे की नाही, हे माझ्या स्वतःच्या खात्यातील एक छोटी स्क्रिप्ट क्रॉनमार्फत (ठरलेल्या वेळी कामे चालवणारी सेवा) दर पाच मिनिटांनी पाहत असे. ती पीग्रेप ही नावावरून चालू प्रोग्राम शोधणारी कमांड चालवी, प्रोग्राम सापडला नाही तर तो बंद पडला आहे असे समजे आणि आम्हाला मिळालेल्या एकमेव सुडो परवानगीने (दुसऱ्या खात्याच्या अधिकाराने कमांड चालवण्याची मुभा) तो पुन्हा सुरू करी.

त्या दिवशी पहाटे तीनच्या सुमारास कंपनीने सर्व्हर अद्ययावत करून पुन्हा सुरू केला आणि त्याच वेळी एका खात्याला दुसऱ्या खात्याच्या प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम, दिसू नयेत अशी व्यवस्थाही केली. व्यवस्था योग्यच होती. तिची पूर्वसूचना मात्र आम्हाला मिळाली नव्हती. प्रोग्राम सुरळीत चालू होता, परंतु माझ्या खात्यातून तो दिसेनासा झाला होता. पीग्रेप 'मला दिसत नाही' असे सांगत राहिले, माझी स्क्रिप्ट ते 'नाही' असे वाचत राहिली आणि दर पाच मिनिटांनी आणखी एक प्रत सुरू करत राहिली. साडेसहाला पहिल्या पेट्या गाडीत चढल्याची नोंद झाली, तेव्हा निरोप पाठवायला चाळीसहून अधिक प्रती तयार होत्या.

हे मार्गदर्शन त्याच एका फरकाविषयी आहे. दृश्यता मर्यादित असलेल्या यंत्रणेवर प्रोसेसची यादी ही 'काय चालू आहे' याची यादी नसते, ती 'तुम्हाला काय पाहण्याची मुभा आहे' याची यादी असते. हे लक्षात ठेवून कोणती साधने कशी वापरावीत आणि जिथे यादीवर विसंबता येत नाही तिथे कोणाला विचारावे, ते पुढे सविस्तर दिले आहे. कमांड आणि फाइलींची नावे या लेखात देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीप्रमाणे रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत (1, 2, 3) टाइप करावीत. एलसी_ऑल=सी मात्र पूर्ण मोठ्या लिपीत लिहावे, आणि युनिट फाइलीतील ओळींत '='च्या आधीच्या नावात प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे ठेवावे.

यादी येते कुठून

लिनक्सवर पीएस, टॉप, एचटॉप, पीग्रेप, पिडॉफ, पीएसट्री ही सगळी साधने एकाच विहिरीचे पाणी भरतात. ती विहीर म्हणजे /प्रॉक ही डिरेक्टरी. ती डिस्कवर नसते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती मागणीनुसार तयार करून दाखवतो. चालू असलेल्या प्रत्येक प्रोसेससाठी तिच्यात त्या प्रोसेसच्या क्रमांकाची, म्हणजे पिडची, एक उपडिरेक्टरी असते आणि तिच्या आत स्टेटस, स्टॅट, सीएमडीलाइन, एन्व्हायरॉन अशा फाइली असतात. पीएस या क्रमांकांच्या डिरेक्टऱ्या एकामागून एक उघडते, आतल्या फाइली वाचते आणि ओळी छापते. जी डिरेक्टरी दिसली नाही किंवा उघडली नाही, ती पीएस मुकाट्याने सोडून देते. 'इतक्या प्रोसेस वाचता आल्या नाहीत' असा कोणताही इशारा ती देत नाही, आणि सगळा घोळ नेमका याच मुकाटपणातून होतो. टॉपच्या वरच्या भागात जी एकूण टास्कची संख्या दिसते, तीसुद्धा टॉपला दिसलेल्या प्रोसेसचीच असते. ती पूर्ण सर्व्हरची आहे असा समज करून घेऊ नये.

हा पडदा, म्हणजे दृश्यतेची मर्यादा, लावण्याचे कारणही समजून घेतले पाहिजे, नाहीतर तो हटवण्याचीच घाई होते. लिनक्सच्या मूळ मांडणीत सीएमडीलाइन ही फाइल, जिच्यात प्रोग्राम सुरू करणारी पूर्ण कमांड असते, कोणालाही वाचता येते. म्हणजे एखाद्याने डेटाबेसचा पासवर्ड कमांडच्या ओळीतच लिहिला, तर त्याच सर्व्हरवरील दुसरा कोणताही युजर पीएस चालवून तो पाहू शकतो. काही प्रोग्राम सुरू होताच तो भाग पुसून टाकतात, पण तेवढा क्षण तो उघडा असतोच. एन्व्हायरॉन फाइल मुळापासूनच केवळ मालकाला वाचता येते, त्यामुळे तिथे हा धोका नाही. रत्नागिरीतील आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका सामाईक सर्व्हरवर विद्यार्थी काम करतात, आणि दर वर्षी कोणी ना कोणी पासवर्ड कमांडच्या ओळीत लिहितोच. पासवर्ड फाइलमधून द्यावा हे आम्ही शिकवतो, तरीही शिकेपर्यंतच्या काळात त्यांचे रक्षण व्हावे म्हणून तिथे हा पडदा मी स्वतः लावला आहे.

आपल्यासमोर पडदा आहे का, हे आधी तपासावे

अनोळखी सर्व्हरवर लॉगिन केल्यावर माझी पहिली कमांड ही असते:

पीएस -पी १

पिड १ ही यंत्रणेची पहिली प्रोसेस. ती नसेल तर सर्व्हरच चालू नसेल. त्यामुळे उत्तरात केवळ स्तंभांची शीर्षके आली आणि खाली काहीच आले नाही, तर पिड १ बंद आहे असा त्याचा अर्थ होऊच शकत नाही. ती तुमच्यापासून लपवलेली आहे. दोन सेकंदांत होणारी ही तपासणी मला सर्वांत खात्रीची वाटते, कारण तिच्यात अंदाजाला जागा नाही.

त्यानंतर पडदा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे:

फाइंडएमएनटी /प्रॉक

उत्तराच्या शेवटी माउंटचे, म्हणजे /प्रॉक यंत्रणेला कसे जोडले आहे त्याचे, पर्याय दिसतात. त्यात हाइडपिड हा शब्द आला, तर /प्रॉकवर मर्यादा आहे असे समजावे. जुन्या कर्नलवर त्याच्यापुढे १ किंवा २ हा अंक दिसतो, ५.८ आणि त्यापुढच्या कर्नलवर अंकाऐवजी नोॲक्सेस, इनव्हिजिबल किंवा पीट्रेसेबल असा शब्द दिसतो. शेजारी जीआयडी असा पर्याय व एक क्रमांक असेल, तर तेही टिपून ठेवावे. त्या क्रमांकाच्या ग्रुपमधील युजरांना पूर्ण यादी पाहण्याची मुभा आहे, असा त्याचा अर्थ.

तिसरी तपासणी थोडी आडवाटेची आहे, पण विद्यार्थ्यांना ती नेहमी पटते. /प्रॉक/लोडॲव्हजी ही फाइल कॅट कमांडने वाचावी. तिच्यात सरासरी भाराचे तीन आकडे येतात आणि चौथ्या जागी २/३१८ असे काहीतरी असते. तिरक्या रेघेनंतरचा आकडा हा पूर्ण यंत्रणेवरील प्रोसेस आणि त्यांचे थ्रेड (एकाच प्रोसेसमधील समांतर चालणारे धागे) यांची एकूण संख्या असतो, आणि हाइडपिड त्याला हात लावत नाही. पीएस आठ ओळी दाखवते आणि लोडॲव्हजी ३१८ म्हणते, तेव्हा थ्रेड वेगळे मोजले जातात हे गृहीत धरले तरी मधली तफावत पुरेशी बोलकी असते.

पडद्याचे प्रकार

हाइडपिड हा पर्याय लिनक्सच्या ३.३ या आवृत्तीत, म्हणजे २०१२ मध्ये, आला. किंमत शून्य असेल तर मर्यादा नाही, आणि बहुतेक वितरणांत मूळ स्थिती हीच असते.

किंमत १ असेल तर /प्रॉकमध्ये सगळ्यांच्या क्रमांकांच्या डिरेक्टऱ्या दिसतात, पण दुसऱ्यांच्या डिरेक्टरीत शिरता येत नाही. एलएस /प्रॉक/१ अशी कमांड दिली, तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड' असे उत्तर येते. डिरेक्टरीचा मालक कोण हे मात्र एलएस -एल -डीने कळते, म्हणजे कोणत्या युजरच्या किती प्रोसेस चालू आहेत याची मोजणी करता येते. पीएसला आतल्या फाइली वाचता येत नसल्यामुळे ती या स्थितीतही त्या ओळी गाळते.

किंमत २ असेल तर त्या डिरेक्टऱ्याच नाहीशा होतात. तीच एलएस कमांड आता 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणते. हे उत्तर अक्षरशः खरे मानण्याचा मोह होतो, कारण खरोखर नसलेल्या प्रोसेसलाही नेमके हेच उत्तर मिळते. या दोन स्थिती /प्रॉकमधून वेगळ्या ओळखता येतच नाहीत. कर्नल ५.८ने २०२० मध्ये किंमत ४ आणली, जिच्यात ज्या प्रोसेसवर डीबगरसारखी पकड घेण्याचा तुम्हाला अधिकार आहे तेवढ्याच दिसतात. याच आवृत्तीपासून प्रत्येक /प्रॉक माउंट स्वतंत्र झाला. त्याआधी एकाच पिड नेमस्पेसमधील (प्रोसेसच्या क्रमांकांचे स्वतंत्र क्षेत्र) सगळे माउंट एकच पर्याय वाटून घेत असत.

आणखी एक बाब फार थोड्यांना ठाऊक असते, आणि ती माहीत नसल्यामुळे माणूस तासन्‌तास चाचपडतो. 'आपल्या प्रोसेस दिसतात' हे विधानही पूर्ण खरे नाही. तुम्ही स्वतः सुडो लावून सुरू केलेली प्रोसेस रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) नावावर जाते आणि तुमच्या यादीतून गळते. त्याचप्रमाणे एसएसएच-एजंट (लॉगिनच्या किल्ल्या स्मृतीत सांभाळणारा प्रोग्राम) तुमच्याच खात्यातून चालत असला, तरी आपली स्मृती इतरांनी वाचू नये म्हणून तो कर्नलला तशी सूचना देऊन ठेवतो आणि त्या सूचनेमुळे किंमत २ असताना तो तुम्हालाही दिसत नाही. लॉगिनच्या वेळी पीग्रेपने एजंट शोधून, न सापडल्यास नवा सुरू करणारी ओळ ज्यांच्या बॅशआरसी या सुरुवातीच्या फाइलीत आहे, त्यांच्याकडे अशा सर्व्हरवर प्रत्येक लॉगिनला एक नवा एजंट साठत जातो.

कंटेनरमध्येही (डॉकरसारख्या साधनाने प्रोग्रामला दिलेली वेगळी बंदिस्त जागा) यादी अपुरी दिसते, पण त्याचे कारण वेगळे आहे. तिथे हाइडपिड नसतो. कंटेनरला स्वतःची पिड नेमस्पेस असते आणि तिच्या बाहेरच्या प्रोसेसना आत क्रमांकच नसतात. खूण सोपी आहे: पीएस -पी १ने सिस्टमडीऐवजी (यंत्रणेच्या सेवा सुरू करणारा व सांभाळणारा प्रोग्राम) तुमच्याच प्रोग्रामचे नाव दाखवले, तर तुम्ही बहुधा कंटेनरमध्ये आहात. इथे आत बसून कितीही परवानग्या मिळवल्या तरी उपयोग नाही. बाहेरच्या यंत्रणेवर डॉकर टॉप ही कमांड कंटेनरच्या नावासह चालवावी, म्हणजे आतल्या प्रोसेस बाहेरच्या क्रमांकांसह दिसतात. दोन्ही क्रमांकांचा मेळ घालायचा असेल, तर बाहेरून त्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलीतील एनएसपिड ही ओळ वाचावी. तिच्यात बाहेरचा क्रमांक आधी आणि आतला नंतर असतो.

आमच्याकडच्या बऱ्याच मुलांकडे लॅपटॉप नसतो. ती फोनवर टर्मक्स हे टर्मिनलचे ॲप टाकून लिनक्सचा सराव करतात आणि पीएसमध्ये चार-पाचच ओळी दिसल्या की आपले काही चुकले असे समजतात. त्यांचे काही चुकलेले नसते. अँड्रॉइडने २०१६ मधील सातव्या आवृत्तीपासून /प्रॉक हे हाइडपिड २ ने माउंट करायला सुरुवात केली, त्यामुळे टर्मक्सला केवळ टर्मक्सच्याच प्रोसेस दिसतात. पुढच्या आवृत्त्यांत /प्रॉक/स्टॅट वाचण्यावरही बंदी आली, म्हणून एचटॉपमध्ये प्रोसेसरच्या वापराचे आकडेही मिळत नाहीत. फोन केबलने संगणकाला जोडून एडीबी (संगणकावरून अँड्रॉइडला कमांड देणारे साधन) शेलमधून पीएस -ए चालवले (हा ए मोठ्या लिपीतला), तर पूर्ण यादी येते, कारण शेल या युजरला अँड्रॉइडने त्यासाठी राखलेल्या ग्रुपमध्ये ठेवलेले आहे.

फ्रीबीएसडीवर हेच काम सिक्युरिटी.बीएसडी.सी_अदर_युआयडीज या सिसकंट्रोल किमतीने होते. ती शून्य असेल तर दुसऱ्यांच्या प्रोसेस दिसत नाहीत. सोलारिस आणि इल्युमॉसवर युजरच्या मूळ अधिकारांतून प्रॉक_इन्फो हा अधिकार काढून घेतला जातो. पुढे दिलेल्या कमांड मात्र लिनक्सच्याच आहेत.

यादीऐवजी जाणकाराला विचारावे

दुसऱ्या खात्याची प्रोसेस चालू आहे का, हा प्रश्न पीएसला विचारणे म्हणजे बंद खिडकीतून समुद्राला भरती आहे की ओहोटी हे ठरवण्यासारखे आहे. ज्याला नक्की ठाऊक आहे, त्याला विचारावे.

सेवा सिस्टमडीने सुरू केलेली असेल, तर तो जाणकार सिस्टमडीच असतो:

सिस्टमसीटीएल इज-ॲक्टिव्ह पेटी.सर्व्हिस

ही कमांड /प्रॉक चाळत नाही. ती सिस्टमडीला विचारते आणि सिस्टमडीला आपण सुरू केलेल्या प्रोसेसचा हिशेब ठाऊक असतो. उत्तर ॲक्टिव्ह आले तर सेवा चालू आहे. माझा आग्रह याहून पुढचा आहे: दर पाच मिनिटांनी पाहणारी स्क्रिप्टच ठेवू नये. सेवेच्या युनिट फाइलीत (सेवा कशी चालवावी हे सिस्टमडीला सांगणारी फाइल) रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर ही ओळ आणि रीस्टार्टसेक=१० अशी थोडी उसंत लिहावी, म्हणजे प्रोग्राम पडला तर सिस्टमडी तो पुन्हा उभा करतो. आणि चालू असलेली सेवा कोणी पुन्हा सुरू करायला सांगितली, तरी स्टार्ट या आज्ञेने दुसरी प्रत निघत नाही. पावसच्या प्रोग्रामसाठी मी त्याच दिवशी कंपनीला ही युनिट फाइल बसवून देण्याची विनंती केली.

तीच माहिती सीजीग्रुपच्या (कर्नलने एकत्र हिशेबात धरलेले प्रोसेसचे गट) फाइलींतही असते. सीजीग्रुपची दुसरी आवृत्ती वापरणाऱ्या यंत्रणांवर /सिस/एफएस/सीजीग्रुप/सिस्टम.स्लाइस या डिरेक्टरीत प्रत्येक सेवेची डिरेक्टरी असते. तिच्यातील सीजीग्रुप.इव्हेंट्स या फाइलीत पॉप्युलेटेड या शब्दापुढे १ असेल तर आत किमान एक प्रोसेस जिवंत आहे, ० असेल तर नाही. शेजारच्या सीजीग्रुप.प्रॉक्समध्ये क्रमांकही मिळतात. हाइडपिडचा अंमल /प्रॉकपुरताच असल्यामुळे या फाइली साध्या युजरलाही वाचता येतात.

प्रोग्राम एखाद्या पोर्टवर ऐकत असेल, तर एसएस -एलटीएन ही कमांड उपयोगी पडते. ऐकणारे पोर्ट सगळ्यांना दिसतात. केवळ त्यामागची प्रोसेस कोणती हे सांगणारा -पी पर्याय दुसऱ्यांच्या प्रोसेससाठी रिकामा राहतो. तरीही पोर्ट उघडा आहे यापेक्षा त्या पोर्टवर खरी विनंती पाठवून उत्तर येते का हे पाहणे केव्हाही चांगले. प्रोसेस जिवंत असूनही अडकून पडलेली असू शकते, आणि बागायतदाराला निरोप जातो की नाही याच्याशीच कर्तव्य असते.

पिड ठाऊक असेल, उदाहरणार्थ /रन या डिरेक्टरीतील पिड फाइलीतून, तर सिग्नल शून्य वापरता येतो:

किल -० १८४२

सिग्नल शून्याने प्रोसेसला काहीही होत नाही. कर्नल केवळ 'पाठवता आला असता का' एवढे तपासतो. आता उत्तर जवळून पाहावे. 'नो सच प्रोसेस' आले तर त्या क्रमांकाची प्रोसेस खरोखर नाही. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आले तर प्रोसेस आहे, ती दुसऱ्याची आहे इतकेच. हाइडपिड २ असतानाही हा भेद टिकून राहतो, कारण हा पर्याय /प्रॉकमधील नोंद लपवतो, पिडचे अस्तित्व लपवत नाही. परंतु स्क्रिप्टमध्ये एक खड्डा आहे: बॅशमध्ये दोन्ही वेळी परतीची किंमत १ असते. त्यामुळे केवळ यश-अपयश पाहणारी स्क्रिप्ट पीग्रेपसारखीच फसते. किलच्या आधी एलसी_ऑल=सी अशी भाषा पक्की करून, त्रुटीचा संदेश व्हेरिएबलमध्ये घेऊन, त्यात 'नॉट परमिटेड' हे शब्द शोधावे लागतात. शिवाय पिड फाइल शिळी असू शकते आणि तोच क्रमांक मधल्या काळात भलत्याच प्रोसेसला मिळालेला असू शकतो. लिनक्समध्ये पिडची मूळ मर्यादा ३२,७६८ आहे. ६४ बिटांच्या यंत्रणांवर सिस्टमडीच्या अलीकडच्या आवृत्त्या ती ४१,९४,३०४ पर्यंत नेतात, त्यामुळे क्रमांक पुन्हा वापरला जाण्याची शक्यता घटते, संपत नाही. म्हणून या पद्धतीला मी दुसरा आधार मानतो, पहिला नव्हे.

दुसरी प्रत निघूच नये हा हेतू असेल, तर शोधाशोध सोडून कुलूप लावावे. एफलॉक ही कमांड नेमकी त्यासाठी आहे:

एफलॉक -एन /रन/लॉक/पेटी.लॉक निरोप-प्रोग्राम

पहिली प्रत कुलूप घेते; दुसरी कोणत्याही मार्गाने सुरू झाली, तरी कुलूप न मिळाल्यामुळे लगेच बाहेर पडते. हे कुलूप कर्नलकडे असते. प्रोग्राम कोसळला किंवा मारला गेला, तर ते आपोआप सुटते, म्हणून पिड फाइलीसारखा शिळेपणा इथे येत नाही. एकच पथ्य आहे: प्रोग्रामने मागे सोडलेली एखादी उपप्रोसेस उघडी फाइल वारसा म्हणून घेऊन बसली, तर मूळ प्रोग्राम संपल्यावरही कुलूप अडकून राहते. तसा प्रोग्राम असेल तर -ओ हा पर्याय जोडावा. त्याने प्रोग्रामकडे कुलपाची फाइल जात नाही आणि ते एफलॉककडेच राहते. पावसच्या प्रोग्रामला मी युनिट फाइलीबरोबर हे कुलूपही लावले, कारण तो हाताने सुरू करण्याची सवय घरातल्या दोघांना होती.

पडदा लावणाऱ्यांसाठी

सर्व्हर तुमच्याच ताब्यात असेल आणि मर्यादा घालायची असेल, तर आधी एक ग्रुप तयार करावा. ज्यांना देखरेखीसाठी पूर्ण यादी लागते ते लोक आणि देखरेख करणाऱ्या सेवांची खाती त्यात घालावीत. गेटएंट ग्रुप या कमांडने त्याचा क्रमांक पाहून घ्यावा. तो ९९० आहे असे धरले, तर प्रयोग म्हणून आधी चालू यंत्रणेवर पर्याय लागू करावा:

माउंट -ओ रिमाउंट,हाइडपिड=२,जीआयडी=९९० /प्रॉक

ग्रुपमध्ये घातलेल्या व्यक्तीला बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे लागते. आधीपासून चालू असलेल्या टीमक्सच्या (टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम) सत्रात जुनेच ग्रुप राहतात, त्यामुळे 'मला ग्रुपमध्ये घातले तरी दिसत नाही' अशी तक्रार आली, तर आधी त्याच खिडकीत आयडी ही कमांड चालवायला सांगावे.

यानंतरचा टप्पा सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. सिस्टमडी असलेल्या यंत्रणांवर लॉगिंड ही लॉगिनची सत्रे सांभाळणारी सेवा रूटच्या नावाने चालत असली, तरी तिचे अधिकार कापलेले असतात, आणि पोलकिट ही परवानग्या ठरवणारी सेवा वेगळ्या खात्यातून चालते. या दोघांनाही दुसऱ्यांच्या प्रोसेस पाहाव्या लागतात. त्यांना त्या दिसेनाशा झाल्या की लॉगिन रेंगाळते, युजरच्या स्वतःच्या सेवा सुरू होत नाहीत आणि परवानगी विचारणारे प्रसंग विनाकारण नाकारले जातात. उपाय असा की सिस्टमसीटीएल एडिट वापरून लॉगिंडच्या सेवेत सप्लिमेंटरीग्रुप्स या ओळीत आपल्या ग्रुपचे नाव घालावे आणि पोलकिटचे खातेही त्या ग्रुपमध्ये घालावे. सर्व्हरवर माणसे लॉगिनच करत नसतील, केवळ सेवा चालत असतील, तर पूर्ण /प्रॉकवर पडदा लावण्याऐवजी सेवेपुरता पडदा लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. सिस्टमडीच्या २४७ या आवृत्तीपासून युनिट फाइलीत प्रोटेक्टप्रॉक=इनव्हिजिबल ही ओळ लिहिता येते; त्या सेवेला इतरांच्या प्रोसेस दिसत नाहीत आणि बाकीच्या यंत्रणेला धक्का लागत नाही.

कोणाला तात्पुरती पूर्ण यादी हवी असेल, तर सुडोने टॉप किंवा एचटॉप देऊ नये. टॉपमध्ये के हे अक्षर दाबले की कोणतीही प्रोसेस मारता येते आणि आरने तिचा अग्रक्रम बदलता येतो. हे सारे रूटच्या अधिकाराने घडते. एचटॉपमधून तर प्रोसेसच्या आत डोकावणारी साधनेही उघडतात. ग्रुपमध्ये घालणे शक्य नसेल, तर सुडोअर्स फाइलीत पीएसची पूर्ण ओळ पर्यायांसह पक्की लिहावी आणि तेवढ्याच ओळीला परवानगी द्यावी. पीएसलाच पीट्रेसची (दुसऱ्या प्रोसेसच्या आत पाहण्याची) क्षमता जोडून देण्याचा मार्ग कुठे सुचवलेला दिसला, तर तो टाळावा, कारण मग ती प्रत चालवणाऱ्या प्रत्येकाला सगळेच दिसू लागते आणि पडदा नावापुरता उरतो.

रिमाउंट केलेला पर्याय यंत्रणा पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतो. तो कायम ठेवण्यासाठी /ईटीसी/एफएसटॅबमध्ये ही ओळ लिहावी लागते:

प्रॉक /प्रॉक प्रॉक डिफॉल्ट्स,हाइडपिड=२,जीआयडी=९९० ० ०

आमच्या प्रयोगशाळेत पडदा लावला, त्या वर्षी ही ओळ लिहायची माझ्याकडून राहिली होती. जूनमध्ये पहिला वादळी पाऊस आला, दुपारभर वीज गेली, यूपीएसची बॅटरी संपली आणि वीज आल्यावर सर्व्हर पडद्याविनाच उभा राहिला. आठवडाभर कोणाच्या लक्षात आले नाही, कारण सगळे व्यवस्थित दिसत होते. व्यवस्थित दिसत होते हीच बिघाडाची खूण होती. तेव्हापासून दर वर्षी पावसाळ्यापूर्वी, मेच्या अखेरीस, मी सर्व्हर ठरवून बंद-चालू करतो आणि ग्रुपमध्ये नसलेल्या एका विद्यार्थ्याच्या खात्यातून तीन गोष्टी तपासतो: पीएस -पी १ रिकामे येते का, लॉगिनला विलंब न होता सिस्टमसीटीएल --युजर स्टेटस चालते का, आणि एखादी सेवा मुद्दाम थांबवली व पुन्हा सुरू केली, तर तिच्यावर नजर ठेवणारी व्यवस्था दोन्ही वेळा खरे उत्तर देते का. यातील तिसरी तपासणी पावसच्या सर्व्हरवरही आता हंगामापूर्वी, मार्चमध्ये होते, आणि तिच्यासाठी आम्ही निरोपांच्या यादीत केवळ माझा आणि बागायतदारांचा असे दोनच क्रमांक ठेवतो.